दहा तारा, बारा दिवे

ग्रंथपालबाईंचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि काकांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं मुळीच नाही. कच्चे मसुदे तर त्यांनी अकरा लिहिले होते. पहिला फार लांब झाला, दुसरा फार तुटक. तिसऱ्यात 'आपली कृपा' तीनदा आली. सातव्यात होकार लिहिता लिहिता शेवटच्या ओळीत त्यांनी नकार देऊन टाकला, तो कसा हे त्यांनाही कळलं नाही. मसुदे खणात होते, मूळ पत्र शब्दकोशात होतं, आणि या दोन्हींच्या मधे खुर्चीवर बसून काका आठ महिने विचार करत होते.

पत्र तसं साधंच होतं. काका त्या ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकं बांधायचे. सगळे त्यांना बाइंडर म्हणायचे. ते निवृत्त झाले आणि बांधणीची खोली बंद पडली. बाईंनी लिहिलं होतं:

"तुमची खोली संगणकांसाठी घेत आहोत. पण अर्धी खोली संगणकांना आणि अर्धी तुम्हाला, असं मी समितीकडून कबूल करून घेतलं आहे. आठवड्यातून तीन सकाळी या. फाटकी पुस्तकं साचली आहेत आणि शिकायला चारजण तयार आहेत. याल का? खोली सुरू होण्याआधी उत्तर आलं नाही, तर तुमचं टेबल आणि शिकंजा गोदामात जाईल, मग माझ्या हातात काही उरणार नाही. उत्तर पत्रानेच द्या. तोंडी विचारलं की तुम्ही 'बघू' म्हणता, आणि तो 'बघू' मी एकतीस वर्षं ऐकला आहे."

'याल का' या दोन शब्दांपाशी घोडं अडलं होतं. काकांना वाटे, जावं. मग वाटे, हात थरथरला तर? चारजणांसमोर जीभ टाळ्याला चिकटली तर? काका संशयी होते, पण दुसऱ्यांबद्दल नाही, स्वतःबद्दल. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत आणि चौथ्यांदा बघायला गल्लीच्या तोंडावरून परत येत. वाचनाचा नाद मोठा, पण त्याचीही त्यांना लाजच वाटे. त्यांच्याकडे बांधायला यायची ती पुढची-मागची पानं गळालेली पुस्तकं. त्यामुळे शेकडो गोष्टींचे मधले भाग त्यांना तोंडपाठ होते. त्या सुरू कुठे होतात आणि संपतात कशा, याचा मात्र पत्ता नव्हता. कुणी पुस्तकांबद्दल बोलू लागलं की ते चहाचा कप उचलून खिडकीपाशी जात.

अशात एका सकाळी पुतणी जिना चढून वर आली. काका धाकट्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहायचे, आणि ही त्या भावाची मुलगी. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. कचेऱ्यांमधून संगणक जोडून द्यायचा तिचा धंदा होता.

"काका, तुमचे हात रिकामे आहेत का?"

"हात रिकामे आहेत. डोकं नाही."

"डोकं राहू दे घरी. माझ्या भागीदारानं मनगट मोडून घेतलंय. आठ संगणक, एक प्रिंटर, एक हब, दोन दिवसांचं काम. तारा कापायच्या, सोलायच्या, टोकं बसवायची. तुमच्यासारखा हात सगळ्या गावात नाही."

"मला त्यातलं काय कळतंय? बिघडवून ठेवीन काहीतरी."

"मग मी दुरुस्त करीन. चला."

काकांना नाही म्हणायलाही वेळ लागायचा, आणि भिंगरीकडे वेळ नसायचा. पाच मिनिटांत ते तिच्या स्कूटरवर मागे बसले होते, मांडीवर निळ्या केबलचं भलंमोठं वेटोळं घेऊन. काम कुठे आहे हे विचारायचंच राहिलं. ते कळलं तेव्हा स्कूटर ग्रंथालयाच्या फाटकातून आत वळत होती.

"अगं, इथे?" काकांनी वेटोळं घट्ट धरलं. "आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला ताप आला असता. का, इथे काय वाघ आहे?"

वाघ दोन दिवस नव्हता. शिपायानं सांगितलं की बाई बैठकीला परगावी गेल्या आहेत आणि उद्या दुपारी तीनला येतील. या शिपायाचं टोपणनाव घड्याळ. कुणी विचारो न विचारो, तो वेळ सांगायचा. काकांना बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काका! नऊ वाजून वीस मिनिटं झाली. किती दिवसांनी!" बाई नाहीत हे ऐकून काकांचा जीव भांड्यात पडला. परवा खोली सुरू होणार हेही त्यांनी ऐकलं, पण ते ऐकलं नाही असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

खोली तीच होती. भिंतीला पानं चिकटवायच्या खळीचे जुने डाग होते. खिडकीशी त्यांचं टेबल चादर पांघरून उभं होतं आणि त्यावर पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. समोरच्या भिंतीला नव्या मेजांवर आठ संगणक मांडलेले. कोपऱ्यात एका फळीवर हब ठेवला होता, चपट्या डब्याएवढा, पुढच्या अंगाला सोळा चौकोनी खाचा आणि प्रत्येक खाचेवर एक बारीक दिवा.

"हा हब," भिंगरी म्हणाली. "सगळ्या तारा याच्याकडे येणार. एकानं काही विचारलं की हा ते सगळ्यांना ऐकवतो. ज्याचं काम असेल तो उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात."

"सगळ्यांना ऐकवतो?" काका म्हणाले. त्यांना ते भयंकर वाटलं.

मग तिनं केबल सोलून दाखवली. निळ्या सालीच्या आत आठ बारीक तारा, दोन दोन एकमेकींभोवती पिळलेल्या. पीळ सोडवायचा, तारा सरळ करायच्या आणि ठरलेल्या क्रमानं शेजारी शेजारी धरायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत छाटायची, प्लास्टिकच्या पारदर्शक टोपणात शेवटपर्यंत सारायची आणि पकडीनं कचकन दाबायचं.

"हिरव्यांची ताटातूट का केली?" काकांनी विचारलं. "बाकीच्या जोड्या शेजारी आहेत आणि हिरव्यांच्या मधे या दोन निळ्या घुसल्यात."

"मला दहा वर्षांत हा प्रश्न पडला नाही. लावायचं तसंच, काका. प्रेमविवाह नाहीये तो."

काकांची पहिली दोन टोकं फुकट गेली, कारण त्यांनी टोपण उलटं धरलं होतं. "बघ, म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले आणि पकड खाली ठेवू लागले. भिंगरीनं ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. तिसरं टोक बसलं. तपासणीच्या छोट्या यंत्राला लावल्यावर त्यावरचे आठ दिवे एकामागून एक उजळत गेले. काकांनी ते टोक काढून पुन्हा लावलं. पुन्हा आठ. त्यांनी चौथ्यांदा लावलं तेव्हा भिंगरी म्हणाली, "ते कुलूप नाहीये!"

पण त्यानंतर काका थांबेनात. खरं तर यात नवीन काय होतं? छापील पानांचे फर्मे क्रमानं लावायचे, कडा एकसारखी छाटायची, दाब द्यायचा. माणसानं आयुष्यभर जे केलं तेच, फक्त कागदाच्या जागी तांबं. दुपारपर्यंत ते तोंडानं पुटपुटायचे बंद झाले आणि त्यांची बोटंच नारिंगी, हिरवी, निळी म्हणू लागली. हात थरथरला नाही. थरथरतोय का हे बघायची आठवणसुद्धा झाली नाही.

भिंत भोसकायला भिंगरीनं ड्रिल काढलं तेव्हा काकांनी तिला थांबवलं. कपाटामागे जमिनीलगत एक जुनी नळी होती, पूर्वी घंटेची तार त्यातून जायची. एकतीस वर्षांत ती कुणालाच आठवली नव्हती. काकांनी पोटावर झोपून ती शोधली, आत फुंकर मारली, आणि पलीकडे झाडत असलेल्या घड्याळाच्या नाकात अर्धा पाव धूळ गेली.

"अकरा वाजून पन्नास!" तो शिंकत ओरडला.

भिंगरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाहेरून येणारी मुख्य तार त्याच नळीतून आत आली.

केबल बांधायला तिनं प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या काकांना बघवेनात. त्यांनी टेबलाच्या खणातून मेणाचा दोरा काढला. तो अजून तिथेच होता. त्यांनी तारांची जुडी करून वीतभर अंतरानं शिवणीसारख्या गाठी घातल्या, हलक्या हातानं, तार न चेपता. प्रत्येक टोकाला कापडाची पट्टी आणि तिच्यावर टपोऱ्या अक्षरात आकडा. लोंबणारी टोकं आत खोचली, गाठींची शेपटं कापली. बांधणीत सुटा धागा म्हणजे पाप. एक सुटा राहिला की वाचक तो ओढतो आणि पुस्तक हातात येतं, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं.

"काका, हे केबलचं काम आहे की नवरीची वेणी?" भिंगरी म्हणाली, पण तिनं त्याचे चार फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी अडीचला सगळं जोडून झालं. भिंगरीनं एकेक तार हबमध्ये बसवली आणि एकेक दिवा हिरवा झाला. आठ संगणक, प्रिंटर, बाहेरून आलेली तार: दहा. आपला लॅपटॉप एका जास्तीच्या केबलनं हबला लावून तिनं सगळी तपासणी केली. तीन नंबरच्या संगणकावर तिनं काहीतरी टंकलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर गुरगुरून कागद बाहेर आला. कागदावर लिहिलं होतं, 'काका जिंदाबाद.' काकांनी तो घडी करून खिशात ठेवला. मग तो चुरगळेल म्हणून काढून जवळच्या एका पुस्तकात ठेवला.

भिंगरी लॅपटॉप पिशवीत घालून बाईंना बघायला फाटकाकडे गेली. काका एकटेच राहिले. बाई येतील, म्हणजे आता निघावं. एक शेवटची नजर टाकावी आणि मागच्या दारानं जावं. त्यांनी नजर टाकली आणि त्यांना ते दिसलं. लॅपटॉपची ती जास्तीची केबल. एक टोक हबमध्ये, दुसरं फळीवरून खाली सुटं लोंबकळत होतं.

काकांच्या जिवाला ते सोसेना. दोन दिवसांचं एवढं देखणं काम आणि त्यात हा सुटा धागा! त्यांनी केबलचं सुरेख वेटोळं केलं, एक गाठ मारली, आणि मोकळं टोक जवळच्याच रिकाम्या खाचेत बसवून टाकलं. टचकन आवाज झाला. आता कसं नीटनेटकं दिसत होतं.

ते दाराशी पोचतात तोच समोर बाई. हातात प्रवासाची पिशवी, चष्मा कपाळावर. मागे भिंगरी आणि घड्याळ.

"बाइंडर," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पत्राचं नाव नाही.

"बघून... म्हणजे, पुतणीला जरा हात..." काका म्हणाले.

"दिसतोय हात," त्या तारांच्या शिवणीकडे बघत म्हणाल्या. त्यांनी वाकून एक गाठ बोटानं चाचपली. "चला, दाखवा तुमचं नवल."

भिंगरीनं तीन नंबरवर टंकलं. प्रिंटर गप्प. पुन्हा टंकलं. गप्प. पाच नंबरवर गेली, सातवर गेली. पडद्यावर नुसतं गोल चाक फिरत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हबवरचे दिवे मात्र सगळे एकदम, पिसाळल्यासारखे लुकलुकत होते.

"आत्ता तर चालत होतं!" भिंगरीनं हब बंद करून पुन्हा चालू केला. क्षणभर बरं वाटलं, आणि पुन्हा तोच धिंगाणा. तिच्या कपाळावर घाम आला. "टोकं खराब आहेत का बघते. बाई, टोकं मी बसवलीत, माझ्याकडूनच काही राहिलं असेल."

टोकं तिनं बसवली नव्हती. एकूण एक काकांची होती. ती त्यांना पाठीशी घालत होती हे काकांना कळलं आणि त्यांचे कान तापले. तिनं कात्री काढली आणि एक नंबरच्या तारेवरची शिवण कापायला घेतली. घड्याळ म्हणाला, "तीन वाजून बारा."

काकांना पळून जावंसं वाटत होतं. मागचं दार चार पावलांवर होतं. पण पुस्तक बिघडलं की बाइंडर पहिल्यांदा पानं मोजतो. ती सवय कुठे जाणार? त्यांनी दिवे मोजले. मग पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजायची त्यांना गरज वाटली नाही, आणि असं त्यांच्या आयुष्यात फार थोड्यांदा घडलं होतं.

"थांब," काका म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की तेच दचकले. भिंगरीची कात्री थांबली.

"कापू नकोस. आपण जोडल्या दहा तारा. दिवे लागलेत बारा." त्यांनी हबकडे बोट दाखवलं. "ते दोन माझे आहेत. ती जास्तीची केबल सुटी लोंबत होती. मला बघवलं नाही. मी तिचं दुसरं टोकही यातच खोचलं. चूक माझी आहे. टोकंही तिनं नाही, मीच बसवलीत. ती चांगली आहेत."

असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि ते टोक ओढून काढलं.

दिवे शांत झाले. मग एकेक करून सावकाश, शहाण्यासारखे लुकलुकू लागले. प्रिंटर गुरगुरला आणि अडकलेले सगळे कागद एकामागून एक बाहेर टाकत सुटला. भिंगरीनं घाईघाईत चौदा वेळा तेच छापायला सांगितलं होतं. चौदा वेळा 'काका जिंदाबाद.'

पहिल्यांदा बाई हसल्या. मग घड्याळ. भिंगरी तर मेजावर डोकं टेकून खदखदत होती. "अहो काका, दोन्ही टोकं त्याच्यातच! मग तो जे बोलतो ते त्यालाच ऐकू येतं. त्याला वाटतं कुणीतरी नवीन बोललं, म्हणून तो पुन्हा सगळ्यांना ऐकवतो. ते पुन्हा त्यालाच ऐकू येतं. बोलून बोलून बिचारा कामातून जातो. मी पहिल्या वर्षी असंच करून अख्खी कचेरी बंद पाडली होती. मला शोधायला दीड दिवस लागला. तुम्ही तर उभ्या उभ्या शोधलंत!"

"मी नुसतं मोजलं," काका म्हणाले.

"एकतीस वर्षांत यांनी एक धागा सुटा ठेवला नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज कसा ठेवतील? सुटी राहतात ती फक्त पत्रं."

भिंगरीनं मेजावरचं डोकं वर उचललं.

"कसली पत्रं?" भिंगरीनं विचारलं.

"यांना विचार. मी एकदा विचारलंय, पुन्हा विचारणार नाही." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "उद्या दहाला खोली सुरू होते. टेबल न्यायला माणसं सकाळी येतील."

त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. भिंगरीनं काकांकडून सगळं काढून घेतलं. काढायला फार लागलं नाही, दोन मिनिटांत अकराही मसुदे बाहेर आले.

"आठ महिने?" तिनं कपाळावर हात मारला. "आणि कशाची भीती? चूक होईल म्हणून? काका, चूक तर आत्ता झाली. सगळ्यांसमोर झाली. पुढे काय झालं?"

काकांनी विचार केला. पुढे काय झालं होतं? लोक हसले होते. बाई हसल्या होत्या, आणि त्यांना इतकं हसताना काकांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. वाईट असं काहीच झालं नव्हतं. चारजणांसमोर बोलायचं म्हणून ते आठ महिने घाबरले होते, आणि आज ते तिघांसमोर चांगलं मोठ्यानं बोलले होते. चारात आणि तिघांत असा कितीसा फरक?

त्यांनी टेबलावरची चादर काढली. प्रिंटरमधला कोरा कागद घेतला. शिकंज्याला टेकून, उभ्यानंच लिहिलं. कच्चा मसुदा केला नाही.

"बाईंस, सप्रेम नमस्कार. येतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी. चुका होतील, त्या मी शोधून काढीन. टेबल हलवू नये. उत्तराला उशीर झाला, माफी असावी. आपला, बाइंडर."

वाचून बघायला त्यांनी कागद वर धरला. भिंगरीनं तो त्यांच्या हातून घेतला आणि घडी घालून टाकली. "पुन्हा वाचायचं नाही."

पाकीट घड्याळानं आणून दिलं. तिकीट फक्त बाईंच्या खणात असायचं. काका बाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"एक पोस्टाचं तिकीट मिळेल का?"

"कुणाला लिहिताय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"आहेत एक ओळखीच्या."

बाईंनी खण उघडला, तिकीट पुढे सरकवलं आणि मान आणखी खाली घातली. कागदात त्या काय बघत होत्या देव जाणे, कागद उलटा होता.

"काका, हातातच द्या ना," घड्याळ कुजबुजला. "बाई दहा पावलांवर आहेत. पोस्टानं उद्या पोचेल, तोवर टेबल जाईल!"

"पत्रानंच म्हणाल्यात," काका म्हणाले. "आणि टेबल न्यायला माणसं आली तर त्यांना सांग, पत्र वाटेत आहे."

"आणि ऐकलं नाही तर?"

"तर मी असेन इथे. साडेनवाला येतो."

आतून बाईंचा आवाज आला, "नऊला या. खळ शिजवायला वेळ लागतो."

पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. भिंगरी फाटकाशी हाताची घडी घालून उभी राहिली, तिला ओळखणाऱ्या कुणाचा विश्वास बसला नसता इतकी स्तब्ध. काका रस्ता ओलांडून गेले. त्यांनी पाकीट फटीत अर्धं सारलं, पत्ता बरोबर आहे ना म्हणून पुन्हा बाहेर काढलं, पत्ता बरोबर होता. फाटकातून भिंगरी ओरडली, "काका!" रस्त्यावरच्या दोन बायका थांबून बघू लागल्या.

"टाकतोय, टाकतोय," काका म्हणाले, आणि टाकलं.